जुन्या फिश टँकची ‘उरलेली वॉरंटी’: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

वापरलेला फिश टँक विकायला काढणारा ‘अजून वॉरंटी बाकी आहे’ असं सांगत असेल, तर त्या एका वाक्यासाठी किंमत वाढवून देऊ नका. टँक पसंत पडला तर जरूर घ्या. मी घेतलेला टँक आज पाण्याने भरलेला आहे, मासे छान आहेत आणि तो घेतल्याचा मला आनंदच आहे. पण त्यासोबत आलेल्या वॉरंटीचा खरा उपयोग किती होतो, हे मला या महिन्यांत एकेक वस्तू बिघडत गेली तसं कळत गेलं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

माझा संच असा आहे: १०० × ४० × ५० सेंटीमीटरचा, १० मिलिमीटर काचेचा टँक, त्याचं कॅबिनेट (हाच टँकचा स्टँड), कॅबिनेटमध्ये बसणारा कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर), हीटर आणि वरचा एलईडी लाइट. विकणारं कुटुंब घर बदलत होतं. त्यांनी मूळ बिलाची प्रत आणि सगळी माहितीपत्रकं नीट एका पाकिटात घालून दिली. ती पत्रकं बारकाईने वाचली तर बिल एक असलं तरी वॉरंट्या वेगवेगळ्या होत्या. काचेच्या टाकीची वेगळी, फिल्टरची वेगळी, लाइटची त्याहून वेगळी, प्रत्येकीची मुदत निराळी आणि अटीही निराळ्या. हीटरची तर संपूनही गेली होती. विकणारा ‘वॉरंटी आहे’ म्हणतो तेव्हा तो यातल्या नेमक्या कशाबद्दल बोलतोय, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

सुरुवातीचे महिने फिल्टर अगदी शांतपणे चालला. मग कॅबिनेटचा तळ ओलसर लागू लागला. मोटरचा वरचा भाग जिथे डब्यावर बसतो, त्या जोडातून थेंब येत होते. कंपनीच्या ग्राहक विभागाला बिल, सीरियल नंबर आणि फोटो पाठवले. उत्तर आलं की वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरती आहे, बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांनीच अर्ज करावा. ही अट पत्रकात लिहिलेली होती आणि बऱ्याच कंपन्यांची अशीच असते. वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की कंपनीने आपणहून दिलेलं आश्वासन तिथेच थांबतं. पहिल्या मालकांनी कुरकुर न करता स्वतःच्या नावाने अर्ज केला. तेव्हा कळलं की गळतीचं कारण ओ-रिंग, म्हणजे जोडात बसणारी रबरी कडी आहे आणि रबरी रिंगा, इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा), त्याचा सिरॅमिकचा दांडा, नळ्या हे सगळे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीच्या बाहेर आहेत.

म्हणजे कॅनिस्टर फिल्टरमध्ये जे हमखास बिघडतं, तेच वगळलेलं. उरते ती मोटर, आणि ती सहसा वर्षानुवर्षं चालते. शेवटी नवी ओ-रिंग विकत आणली, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि गळती थांबली. इथे पेट्रोलियम जेली वापरू नका, तिने रबर फुगतं आणि खराब होतं. जुना फिल्टर घेताना मी तरी आधी एवढंच बघेन की त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का. सुटे भाग मिळणारा, वॉरंटी संपलेला फिल्टर मला वॉरंटीतल्या पण बंद झालेल्या मॉडेलपेक्षा केव्हाही चालेल.

लाइटच्या बाबतीत मात्र चांगला अनुभव आला. पट्टीचा एक भाग विझला, पुन्हा पहिल्या मालकांनीच अर्ज केला आणि ज्या दुकानाचं बिल होतं त्यांनी लाइट बदलून दिला. त्यात कुणी फार प्रश्न विचारले नाहीत.

आता टाकीबद्दल. जुना टँक घेणाऱ्याला धास्ती असते ती काचेची आणि जोडांची. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून पांढरट क्षाराची बारीक रेघ दिसू लागली. पुसली की काही दिवसांनी परत यायची. हे लक्षण ओळखून ठेवा: पाणी इतकं सावकाश झिरपतं की थेंब दिसतच नाही, ते वाळून जातं आणि मागे फक्त क्षार राहतो.

कंपनीने फोटो मागवले: टँकवर स्पिरिट लेव्हल (पृष्ठभाग समतल आहे का ते दाखवणारं साधन) ठेवून काढलेला, स्टँडचा, खालच्या फोमच्या गादीचा आणि त्या कोपऱ्याचा. या चौकशीमागे खरं कारण आहे, हे मान्य करायला हवं. असा टँक काठोकाठ भरला तर पाणीच २०० किलो, काच साधारण ४५ किलो आणि त्यावर रेती-दगड. समोरच्या काचेवर पाण्याचा रेटा जवळजवळ १२५ किलो वजनाइतका असतो आणि दाब सगळ्यात जास्त तळाशी. स्टँड किंचित तिरका असला की हा ताण एका कोपऱ्यात एकवटतो. फोमचंही तसंच: उघड्या काचेच्या तळाला गादी लागते, तर प्लॅस्टिकच्या चौकटीवर उभा राहणारा टँक गादीवर ठेवला तर फोम तळाच्या काचेला खालून ढकलतो. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीनेच बसवा असा आग्रह धरते.

माझं लेव्हल बरोबर होतं, स्टँड त्यांचाच होता. तरी अर्ज नाकारला गेला, कारण टँक एकदा उतरवून दुसऱ्या घरात पुन्हा बसवला होता. अर्जावर पहिल्या मालकाचं नाव असूनही इथे काही चाललं नाही. वाहतुकीत जोडाला पीळ बसला नाही, हे सिद्ध करण्याचा कुठलाच मार्ग ना त्यांच्याकडे होता ना माझ्याकडे. वापरलेल्या टँकच्या वॉरंटीची सगळ्यात कच्ची बाजू हीच आहे. फिल्टर आणि लाइट उचलून नेले तरी ते तेच राहतात. या टाकीची वॉरंटी मात्र ती जिथे पहिल्यांदा बसवली त्या जागेशी बांधलेली असते, आणि जागा बदलल्याशिवाय जुना टँक आपल्याकडे येऊच शकत नाही. शिवाय अर्ज मंजूर झाला असता तरी रिकामी टाकीच मिळाली असती. भिजलेली फरशी, वाकलेलं फर्निचर, मेलेले मासे, ने-आणीचा खर्च यातलं काहीही त्यात धरलेलं नव्हतं.

टँक रिकामा करून काचांचे जोड सिलिकॉनने नव्याने भरून घेतले. मासे तोवर मोठ्या टबात होते आणि फिल्टर त्याच टबावर अखंड चालू होता. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या छोट्या रिंगांवर अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू असतात. ते वाळले किंवा बंद फिल्टरमध्ये ऑक्सिजनवाचून गुदमरले तर पुन्हा वाढायला बरेच आठवडे लागतात. जोड भरताना गळक्या कोपऱ्यापुरता ठिगळ लावून भागत नाही, कारण जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. आतली सिलिकॉनची सगळी पट्टी पात्याने खरवडून काच पूर्ण स्वच्छ करावी लागली. सिलिकॉन टँकसाठीचंच हवं. बाथरूमच्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना घातक आहे. नव्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबले आणि मगच टप्प्याटप्प्याने पाणी भरून तपासलं. या दुरुस्तीने टाकीची मूळ वॉरंटी कायमची संपली, हेही पत्रकात लिहिलेलं आहे.

विकत घेण्याआधी बघायचं ते हे: जोडांच्या कडा नखाने हलकेच उचलून बघा, सुटतात का. दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे किंवा पांढरी चीर दिसते का, ते टॉर्च लावून बघा. आतल्या पट्टीवरचं शेवाळ फारसं महत्त्वाचं नाही, पण पट्टीच्या खाली शिरलेलं शेवाळ म्हणजे ती काचेपासून सुटलेली आहे. टँक भरलेल्या अवस्थेत बघायला मिळाला तर फार उत्तम. बरेच महिने कोरडा ठेवलेला असेल, तर सपाट जागेवर काठोकाठ भरून किमान २४ तास, जमलं तर त्याहून जास्त वेळ ठेवायला सांगा. मात्र तो तपासही वाहतुकीच्या आधीचाच असतो, म्हणून घरी आणल्यावर मासे सोडण्यापूर्वी पुन्हा करावा लागतो. आधीच्या मालकाने तांब्याचं औषध वापरलं होतं का, हेही विचारा. झिंगे किंवा गोगलगायी पाळायच्या असतील तर याला फार महत्त्व आहे आणि कुठलीही वॉरंटी याबद्दल बोलत नाही.

हीटर मात्र जुना वापरूच नका. थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा भाग) चालू अवस्थेत अडकला तर पाणी तापत राहतं आणि सकाळपर्यंत सगळे मासे गेलेले असतात. मी पहिल्याच आठवड्यात नवा आणला, माझ्या नावाच्या बिलासह.

खासगी व्यक्तीकडून न घेता दुकानातून वापरलेला टँक घेत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. दुकानदार स्वतःची हमी देऊ शकतो आणि ती तुमच्या नावावर असते. ती लेखी घ्या आणि त्यात ‘जोडांतून गळती’ हे शब्द आहेत का, ते पाहा. नुसतं ‘चालू स्थितीत’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ लाइट लागतो आणि पंप फिरतो इतकाच लावला जातो.

नव्या सिलिकॉननंतर कोपरा कोरडा आहे, रेघ परत आलेली नाही. फिल्टरच्या मोटरची मुदत अजून शिल्लक आहे, आणि गरज पडली तर अर्ज करू असं पहिल्या मालकांनी सांगून ठेवलं आहे.