बाबांच्या १४२ कॅसेट आणि गिट-अ‍ॅनेक्स: आठ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेतल्या घरगुती बैठकी बाबांनी वर्षानुवर्षं टेप केल्या. त्या १४२ कॅसेट दादा आणि मी संगणकावर घ्यायला लागलो, तेव्हा पहिले दोन महिने 'फायनल', 'फायनल२', 'फायनल-साफ' यातच गेले. मूळ कुठली आणि खरखर काढलेली कुठली, दोघांनाही सांगता येईना. तेव्हापासून गिट-अ‍ॅनेक्स वापरतेय. फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरला दिलेली ही जोड.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला जवळपास २ जीबी. नुसत्या गिटला हे झेपत नाही. जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं गिट-अ‍ॅनेक्स मोठी फाइल बाजूला ठेवतं. गिटमध्ये जाते ती फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली खूण, म्हणजे हॅश. नाव बदला, फोल्डर बदला, खूण तीच.

राग, कलाकार, तारीख या नोंदीही त्या खुणेलाच चिकटतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. एका कॅसेटवर बाबांच्या अक्षरात 'भूप' आहे. बाबांचे स्नेही काका ऐकायला बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अगं, भूप नव्हे हा. धैवतावर कसा येऊन थांबतोय बघ. देशकार!" सूर दोन्हींचे तेच पाच, पण भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देशकारात धैवत. मी नोंद बदलली. बाबांचा 'भूप' मात्र गिटच्या इतिहासात तारखेसकट राहिला. तो पुसला गेला असता तर मला फार लागलं असतं. जुनी नोंद शोधणं जिकिरीचं आहे, आज्ञा टाइप करत खणावं लागतं. शिवाय बदल का केला, हे आपोआप नोंदलं जात नाही. त्यासाठी शेजारी टिपणांची साधी फाइल ठेवते.

किमान दोन प्रती हव्यात, असं आम्ही गिट-अ‍ॅनेक्समध्ये ठरवून दिलंय. मे महिन्यात लॅपटॉप भरला म्हणून एक फाइल काढून टाकायला गेले, तर चक्क नकार: इतर ठिकाणच्या दोन प्रतींची खात्री होत नाही. चिडले. बाहेरची डिस्क जोडून तपासणी चालवली, तर तिच्यावरची तीच फाइल खराब निघाली, हॅश जुळेना. त्याच संध्याकाळी लॅपटॉपवरची प्रत कोथरूडला दादाकडे पोचवली.

डिस्क एक्सफॅट (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असेल तर आधी विचार करा. गिट-अ‍ॅनेक्स फाइलच्या जागी सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा, ठेवतं. तिथे ते चालत नाहीत, म्हणून नेहमीच्या मांडणीत प्रत्येक फाइल दोनदा जागा खाते.

अजून ३१ कॅसेट बाकी आहेत. दोनांवर काहीच लिहिलेलं नाही. काकांना रविवारी बोलावलंय.