ब्रोशरमधले पाचशे, रस्त्यावरचे तीनशे: सहा इलेक्ट्रिक गाड्यांची रेंज आणि खर्च

बीवायडी अ‍ॅटो ३ या गाडीत ६०.४८ युनिटची बॅटरी आहे. (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, वीजबिलात असतं तेच.) या गाडीची रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जवर जाईल तेवढं अंतर, युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत ४२० किलोमीटर, जुन्या एनईडीसी चाचणीत ४८० आणि भारतातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या आकड्यात ५२१. बॅटरी तीच, मोटर तीच, आणि कागदावर शंभर किलोमीटरचा फरक!

यातला एकही आकडा खोटा नाही. चाचणीत गाडी किती वेगाने पळवली, एवढाच फरक. एनईडीसीत सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास राहतो. भारतीय चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. डब्ल्यूएलटीपीत शेवटच्या टप्प्यात गाडी १३१ ला नेतात, पण सरासरी काढली तर तीही ४६-४७ च भरते. अमेरिकेची ईपीए संस्था प्रयोगशाळेतल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणून मगच तो छापू देते, म्हणून तिचा आकडा रस्त्याच्या सगळ्यात जवळचा.

तेव्हा पहिली गोष्ट: दोन गाड्या ताडून पाहताना दोन्हींचे आकडे एकाच चाचणीचे घ्या. एकीची एआरएआय आणि दुसरीची डब्ल्यूएलटीपी शेजारी मांडली, तर निवड तिथेच चुकली. मग त्या आकड्याला कात्री लावा. हायवेवर ताशी ११०-१२० ने जाणार असाल तर डब्ल्यूएलटीपीचे पाऊण धरा आणि एआरएआयचे साठ टक्के. अ‍ॅटो ३ साठी दोन्हीकडून उत्तर ३१५ च्या आसपासच येतं. शहरात, फार थंडी-उकाडा नसताना, डब्ल्यूएलटीपीचा आकडा बहुतेक गाड्या गाठतात, कधी ओलांडतातही. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे हायवेला अ‍ॅव्हरेज वाढतं. इलेक्ट्रिक गाडी ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत घेते, त्यामुळे गर्दीत तिचं फारसं बिघडत नाही. तिचा शत्रू वारा. वेग ९० वरून १२० वर नेला की हवेचा अडथळा पावणेदोन पटीच्या वर जातो. ९० ला शंभर किलोमीटरमागे १४ युनिट खाणारी गाडी १२० ला १९-२० खाते.

अजून एक वजाबाकी राहिली. हायवेवर बॅटरी शून्यापर्यंत कोणी नेत नाही, आणि फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं म्हणून लोक तिथेच वायर काढतात. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १० वर थांबलात तर ९० टक्के वापरली. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ८० ते १०, म्हणजे ७० टक्केच. अ‍ॅटो ३ चा पहिला टप्पा २८० किलोमीटरचा, पुढचे २२० चे. ब्रोशरवरच्या ५२१ मधून कामाला येतात ते हे दोन आकडे.

आता बॅटरी किती मोठी, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते ते बघा. ह्युंदाईची आयोनिक ५ आणि आयोनिक ६ या दोन गाड्या त्यासाठी शेजारी उभ्या कराव्यात. दोघींच्या ७७.४ युनिटच्या, मागची चाकं चालवणाऱ्या मॉडेलची डब्ल्यूएलटीपी रेंज बघा: ५ ची ५०७ किलोमीटर, ६ ची ६१४. दोघींचा सांगाडा एकाच जातीचा, फरक मुख्यतः आकाराचा. ५ चौकोनी आणि उंच, ६ नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत आणि बसकी. शंभर किलोमीटर फुकट मिळाले म्हणायचे, बदल्यात मागच्या सीटवर उंच माणसाचं डोकं छताला टेकतं आणि डिकीचं तोंड अरुंद.

चाकांची गोष्ट याहून बोलकी आहे. आयोनिक ६ च्या २०२३ च्या अमेरिकी मॉडेलमध्ये १८ इंची चाकांवर ईपीए रेंज ३६१ मैल, म्हणजे ५८१ किलोमीटर. तीच गाडी महागड्या व्हेरिएंटमध्ये २० इंची चाकांवर ३०५ मैल, म्हणजे ४९१. टायर २२५ मिलिमीटर रुंदीचा २४५ चा झाला, रिम जड आणि उघडी झाली, आणि ९० किलोमीटर गेले. बॅटरी वाढवून ते परत मिळवायचे तर जवळपास १४ युनिट जादा लागतील. टॉप मॉडेल घेणारा इथे जास्त पैसे मोजून कमी रेंज विकत घेतो! मोठी चाकं दिसायला छान, पण शोरूममध्ये लहान चाकांचा पर्याय विचारल्याशिवाय सही करू नका.

एसी आणि हीटरबद्दल मात्र गैरसमज फार. एसीने रेंज अर्धी होते असं नाही. केबिन एकदा गार झाल्यावर एसी साधारण एक किलोवॅट घेतो. ताशी १०० ने जाताना शंभर किलोमीटरला एकच तास लागतो, म्हणजे एक युनिट गेलं. पण ताशी २० च्या गर्दीत तेच शंभर किलोमीटर पाच तासांचे, म्हणजे पाच युनिट. खर्च तासावर आहे, अंतरावर नाही. हीटरचं हेच गणित जास्त बोचतं: साधा कॉइलचा हीटर तीन किलोवॅट घेत असेल तर त्याच गर्दीत शंभर किलोमीटरला १५ युनिट जातील, म्हणजे गाडी ओढायला लागतं तेवढंच पुन्हा. म्हणून थंड भागात हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल घ्या. उष्ण भागात त्याचे जादा पैसे देऊ नका.

बॅटरीचा आकार ठरवायला एमजी४ चांगली पडते, कारण एकाच गाडीत ५१, ६४ आणि ७७ युनिट असे तीन पर्याय आले. डब्ल्यूएलटीपी रेंज अनुक्रमे ३५०, ४५० आणि ५२०. हायवेला पाऊण धरली तर २६०, ३३५, ३९०. रोजचं जाणं-येणं ७०-८० किलोमीटरचं असेल आणि घरी चार्जिंग असेल, तर तिन्ही गाड्या सारख्याच. फरक पडतो तो फक्त लांबच्या प्रवासात. महिन्यातून निदान एकदा करता तो सर्वात लांबचा एकेरी प्रवास मोजा. २३० च्या आत असेल आणि पोचल्यावर चार्जिंगची सोय असेल, तर ५१ ची घ्या. तिची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची आहे, ती १०० टक्क्यांपर्यंत नेहमी भरली तरी कुरकुरत नाही. ६४ आणि ७७ च्या बॅटऱ्या निकेलच्या, त्या रोज ८० वर थांबवाव्यात. याचा अर्थ रोजच्या वापरात ६४ मधले ५१ च हाताशी. सहसा वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रवासासाठी माणसं ७७ ची घेतात आणि उरलेले ३६० दिवस दीडशे किलो जादा वजन वाहत फिरतात.

काटकसरीत टेस्लाची मॉडेल ३, मागच्या चाकांची, एलएफपी बॅटरीची, अजूनही पुढे आहे. अ‍ॅटो ३ इतक्याच, साधारण ६० युनिटच्या बॅटरीवर १८ इंची चाकांनी ती डब्ल्यूएलटीपीत ५१३ जाते, म्हणजे ९३ किलोमीटर जास्त. तोटे उघड आहेत: गाडी जमिनीला टेकून चालते, खराब रस्त्यावर आणि उंच गतिरोधकावर पोटाला घासते, आणि बारीकसारीक कामालाही स्क्रीनला हात लावावा लागतो. शिवाय एलएफपीचा एक स्वभाव: चार्ज उतरला तरी तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, त्यामुळे किती टक्के उरले याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. म्हणून टेस्ला या बॅटरीला आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरायला सांगते. हे न करणाऱ्यांनाच १२ टक्के दिसता दिसता गाडी बंद पडण्याचा अनुभव येऊ शकतो.

चार्जिंगच्या वेगाचे आकडेही जपून वाचा. आयोनिक ५ आपल्या ८०० व्होल्ट यंत्रणेवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत भरते, पण ३५० किलोवॅटच्या चार्जरवर. तुमच्या वाटेवर ५०-६० किलोवॅटचेच चार्जर असतील तर तिलाही साधारण तासभर लागेल, आणि ८०० व्होल्टचे दिलेले पैसे पार्किंगमध्ये उभे. बीवायडी अ‍ॅटो ३ साठी २९ मिनिटं सांगते, मात्र ३० ते ८० टक्क्यांची. म्हणजे निम्मी बॅटरी. दहा टक्क्यांवर पोचलात तर वेळ बराच वाढणार. आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे हे न विचारता दोन गाड्यांची मिनिटं ताडणं व्यर्थ.

आयोनिक ५ आणि तिच्या भावंडांबद्दल एक इशारा. चार्जिंग सांभाळणारा आयसीसीयू नावाचा भाग काही गाड्यांत बिघडतो. तो गेला की १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरली जात नाही, डॅशबोर्डवर इशारे येतात, गाडी ताकद कमी करत रांगायला लागते आणि शेवटी थांबते. मोठी बॅटरी भरलेली असूनही. यासाठी २०२४ मध्ये आयोनिक ५, आयोनिक ६ आणि कियाची ईव्ही६ परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं गेलं, गरज पडेल तिथे भाग आणि त्याचा फ्यूज नवा टाकला गेला. जुनी घेत असाल तर चॅसी नंबर देऊन हे काम झालंय का ते लेखी घ्या.

जुन्यात सर्वात स्वस्त हाती लागते ती निसानची लीफ. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नाही. ४० युनिटवाली, डब्ल्यूएलटीपी २७० किलोमीटर, शहरासाठी झकास. लांबच्या प्रवासात मात्र पहिलं फास्ट चार्जिंग नीट होतं, दुसऱ्यापर्यंत बॅटरी तापलेली असते आणि गाडी स्वतःच वेग उतरवते. त्यात फास्ट चार्जिंगचा चाडेमो नावाचा जपानी प्लग, जो नव्या चार्जरवर कमी होत चाललाय. उष्ण हवेत वापरलेली लीफ घेताना डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या बारीक रेषा मोजा, पूर्ण १२ असतात. पहिली रेषा गेली म्हणजे साधारण १५ टक्के क्षमता गेलेली असते, पुढच्या रेषा प्रत्येकी सहा टक्क्यांच्या. म्हणजे ११ रेषा दिसल्या म्हणून ‘एकच कमी आहे’ असं समाधान करून घेऊ नका. गाडीच्या तपासणी सॉकेटला ओबीडी डोंगल (माहिती फोनवर पाठवणारं छोटं यंत्र) लावून लीफस्पाय अ‍ॅपमध्ये नेमका टक्का मिळतो, विकणारा तयार नसेल तर गाडी सोडा.

खर्चाकडे या. वर्षाला १५,००० किलोमीटर, पाच वर्षांत ७५,०००. शंभराला १५ युनिट खाणारी गाडी ११,२५० युनिट घेईल, चार्जिंगमध्ये वाया जाणारे १२ टक्के धरून १२,६००. शंभराला १९ खाणारी त्याच हिशेबाने १५,९६०. फरक ३,३६० युनिटचा. आता दोन गाड्यांच्या किमतीतला फरक घ्या आणि तुमच्या घरच्या युनिटच्या दराने भागा. उत्तर ३,३६० हून मोठं आलं, तर महागडी काटकसरी गाडी पाच वर्षांत विजेवर तो फरक भरून काढत नाही. बहुतेकांचं उत्तर मोठंच येतं. घरी चार्ज करणाऱ्याला वीज इतकी स्वस्त पडते की खरा खर्च गाडीची किंमत, विमा आणि विकताना येणारी घट हाच असतो. घरी सोय नसलेल्याचं गणित वेगळं: सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर घरच्या कित्येक पट असू शकतो, तो धरून पुन्हा भागा. तिथे मॉडेल ३ किंवा आयोनिक ६ चे जास्तीचे पैसे वसूल होऊ शकतात.

घरच्या चार्जिंगचा खर्च लोक विसरतात. ३.३ किलोवॅटवर रात्रीचे नऊ तास म्हणजे वाया गेलेली वजा जाता २६ युनिट, दीडशे किलोमीटर सहज. तेवढं पुरत असेल तर ७.२ किलोवॅटच्या बॉक्सच्या मागे लागू नका. तो बसवलाच तर स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि मोजून घेतलेलं अर्थिंग हवं. साध्या सॉकेटवर चार्ज करत असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड नको. पंखा-टीव्हीचा प्लग तासन्‌तास १५ अँपिअर ओढत नाही, चार्जर ओढतो. सॉकेटची पकड ढिली असेल तर तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा.

टेस्ट ड्राइव्हला डॅशबोर्डवरचा ‘उरलेली रेंज’ हा आकडा बघूच नका, तो आधीच्या माणसाने कशी चालवली त्यावर बेतलेला असतो. ट्रिप मीटर शून्य करा, एसी तुमच्या नेहमीच्या तापमानावर ठेवा, २० किलोमीटर मोठ्या रस्त्याने जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे चढ आणि वारा दोन्ही फिटतात. शंभराला किती युनिट आले ते वाचा आणि बॅटरीच्या वापरता येणाऱ्या क्षमतेला त्याने भागून शंभराने गुणा. १६ आले आणि बॅटरी ६० ची असेल तर ३७५. शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीत हा आकडा मिळत नाही, केबिन गार करण्यातच ती वीज जाते. जास्त वेळ गाडी देत नसतील तर तेच मॉडेल, त्याच चाकांचं, दिवसभरासाठी भाड्याने घ्या.