पी पा गाओ की एर चेन तांग? कायम घसा खाकरणाऱ्यांसाठी

सिंगापूरला राहायला आलेल्या आपल्या लोकांना हे कधी ना कधी होतंच, बाहेर दमट उकाडा, ऑफिसात स्वेटर घालायला लावणारा एसी आणि घशात सतत काहीतरी चिकटलेलं. जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, वाफारे झाले, की कुणीतरी चिनी सहकारी सांगतो, टीसीएम, म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यक, करून बघ. मग दोन पर्याय समोर येतात. एक, कुठल्याही फार्मसीत मिळणारं पी पा गाओ, ते काळपट घट्ट सिरप. दुसरा, टीसीएम डॉक्टरला जीभ आणि नाडी दाखवून मिळणारं एर चेन तांग, हल्ली बहुतेक ठिकाणी ग्रॅन्युल्सच्या पुड्यांमध्ये. मी दोन्ही भरपूर घेतलीत म्हणून लिहितोय, बाकी तुमची प्रकृती वेगळी असू शकते.

हे दोन्ही 'कफाचं औषध' म्हणून शेजारी ठेवलेलं दिसतं, पण दोघांचं काम जवळजवळ उलटं आहे. चिनी वैद्यकात कफाला थान म्हणतात आणि त्यांचं मत असं की फुप्फुस हे फक्त साठवणीचं भांडं, कफ तयार होतो तो प्लीहेत, म्हणजे त्यांच्या हिशेबात पचनाच्या खात्यात. पचन मंदावलं की पाणी नीट फिरत नाही, आधी ओल साचते, मग ती घट्ट होऊन थान. आपल्या आयुर्वेदात कफ हा एक दोष असला तरी प्रमाणात असेल तर शरीराला हवाच असतो, त्यांचा थान मात्र निव्वळ कचरा. आणि तो दिसायलाच हवा असंही नाही, चक्कर, डोकं जड, छातीत मळमळ, कातडीखालच्या गाठी, यातलं बरंच काही ते न दिसणाऱ्या थानच्या नावावर टाकतात. गिळलं तरी जात नाही आणि खाकरलं तरी येत नाही असा गोळा घशात वाटतो ना, त्यासाठी चांग चोंगचिंग या जुन्या चिनी वैद्याच्या सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वेगळा काढा दिलाय आणि लक्षण लिहिलंय की भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं. ईएनटीने दुर्बीण घालून 'काही नाही' म्हटलेल्या माणसाला हे वाचून फार बरं वाटतं, मला तरी वाटलं.

तर पी पा गाओ. यात चुआन बेई हा सिचुआनकडच्या उंच डोंगरातला छोटासा कंद, लोकाट या फळझाडाची पानं (पानांवरची लव घशाला टोचते म्हणून ती आधी घासून काढतात) आणि भरपूर मध. हे सगळं घसा आणि फुप्फुस ओलं करणारं. खोकला कोरडा, कफ थोडाच पण चिवट, बोलून बोलून घसा बसलेला, अशा वेळी हे खरंच छान काम करतं, एक चमचा आणि लगेच गार वाटतं. अपॉइंटमेंट नको, उकळणं नको, पोरंही आवडीने घेतात. सोयीत याला तोड नाही, मान्य.

पण माझा प्रॉब्लेम कोरडा नव्हताच. माझा पांढरा, पातळ, भरपूर, सकाळी उठल्या उठल्या बेसिनपाशी उभं करणारा. आणि इथेच ते सिरप डोक्यात जायला लागलं. रात्री ब्रश करून झाल्यावर तो चमचा घ्यायचा, पाच मिनिटं स्वर्ग, मग घशाच्या मागे गोड चिकट थर बसतो तो बसतोच, त्यावर पाणी प्यायचं तर औषध धुऊन जाईल म्हणून प्यायचं नाही, परत ब्रश करायचा तर गारवा गेला, म्हणून तसंच झोपायचं आणि सकाळी नेहमीपेक्षा जास्त खाकरायचं. ऑफिसच्या कॉलवर माझं बोट कायम म्यूटच्या बटणावर. सिरपची कंपनी बदलून पाहिली, सगळ्यांचं तेच, मध आणि साखर म्हटल्यावर चिकटणारच.

शेवटी टीसीएमवाल्या बाईंकडे गेलो. पहिलंच वाक्य, जीभ घासून आलात का? आपण मराठी माणसं, रोज जिभलीने जीभ खरवडल्याशिवाय चहा नाही, आणि त्यांना तो थरच बघायचा असतो. पुढच्या वेळी न घासता आणि कॉफी न पिता या म्हणाल्या. तसा गेलो तर थर जाड, पांढरा, तेलकट, कडांना दातांचे ठसे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, तुमच्यात ओल आहे आणि तुम्ही वरून गोड सिरप ओतताय, नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. दही, केळी, थंड दूध, तळलेलं, मिठाई बंद. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, यासाठी पैसे दिलेस? मी फुकट सांगत होते.

एर चेन तांगमध्ये मुख्य चारच गोष्टी, बान शिया, चेन पी, फू लिंग (एक औषधी बुरशी) आणि ज्येष्ठमध, मूळ कृतीत शिवाय आलं आणि एक आंबट धुरी दिलेला प्लम. सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातला हा फॉर्म्युला. चेन पी म्हणजे मुरवलेली संत्र्याच्या जातीची साल, ग्वांगडोंगमधल्या शिनह्वेची नावाजलेली आणि निदान 3 वर्षं जुनी हवी. बान शिया हा आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला कंद, कच्चा खाल्ला तर घसा पेटतो आणि विषारीही आहे, म्हणून आलं आणि तुरटी लावून शुद्ध केलेलाच वापरतात. म्हणून हे ऑनलाइन सुटं मागवून घरी प्रयोग करू नका, इथे रजिस्टर्ड टीसीएम डॉक्टर असतात त्यांच्याकडूनच घ्या.

चव? वाईट नाही हो. गरम पाण्यात पुडी ढवळली की जुन्या सालीचा वास, थोडं तिखट, थोडं मातकट, आणि गिळल्यावर घसा स्वच्छ. काही चिकटत नाही! माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. सकाळचं बेसिन हळूहळू कमी झालं, आता ते पुडीने की दही सोडल्याने हे मी छातीठोक सांगणार नाही, पण जेवणानंतरचं जडपणही गेलं आणि सिरपने ते कधीच केलं नव्हतं.

तोटे आहेतच. सिरपच्या बाटलीपेक्षा कन्सल्टेशन धरून बरंच महाग पडतं, दर थोड्या दिवसांनी जाऊन यावं लागतं, आणि हे औषध सुकवणारं असल्याने कफ सरल्यावरही घेत राहिलात तर तोंड कोरडं पडतं. कोरडा खोकला असेल तर याच्या वाटेला जाऊच नका, तिथे पी पा गाओच बरं, डायबेटिस असेल तर बिनसाखरेचं मागा. कफ पिवळा-घट्ट असेल तर ते या दोघांपेक्षा वेगळंच प्रकरण, त्याला 'गरम' थान म्हणतात आणि औषधं बदलतात. ताप, दम किंवा थुंकीत रक्त असेल तर सरळ नेहमीच्या डॉक्टरकडे.

पण पांढरा, भरपूर कफ आणि जिभेवर जाड थर असं जमत असेल तर मी तरी आधी पुड्यांकडे जाईन. बीपीची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, ज्येष्ठमधाने बीपी चढू शकतं, आणि त्या दिवशी सकाळी जिभली लपवून ठेवा.