जुनी येझदी की नवी जावा?

नव्या जावा मोटरसायकलचं इंजिन पाण्यानं थंड होतं, तरी सिलिंडरवर फिन्स, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला लागणाऱ्या पट्ट्या, ठेवल्यात आणि रेडिएटर पुढच्या चाकामागे काळ्या रंगात दडवलाय. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. लांबून बघणाऱ्याला म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जुनी टू-स्ट्रोक जावा किंवा येझदी आठवावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. नोव्हेंबर 2018 मध्ये ती बाजारात आली तेव्हा मला हसू आलं होतं, कारण माझ्याकडे अस्सल होती. मामांनी वापरलेली येझदी मी खटपट करून पुन्हा चालू केली होती आणि तिच्या दुरुस्तीत जवळजवळ दुसऱ्या गाडीचे पैसे घातले होते. आज पार्किंगमध्ये नवी जावा आहे. हे कसं झालं ते सांगतो, तुमचंही याच दोघींत अडलं असेल तर उपयोग होईल.

चालवण्याची मजा म्हणाल तर जुनीच. डावीकडचा तोच दांडा उभा केला की किक, आडवा असला की गिअर. नवख्या माणसाला गाडी चालवायला दिली की तो उजवीकडे किक शोधत बसतो, हा आनंद वेगळाच. उभी असताना डुग डुग करत मध्येच एखादा ठोका चुकवते, तो आवाज नवीत नाही. नवीचा आवाज वाईट नाही, नीटनेटका आहे. आणि रस्त्यात बंद पडलेली येझदी मी पॉइंटवर, म्हणजे प्लगची ठिणगी ज्याच्यामुळे पडते त्या संपर्कावर, पॉलिश पेपर फिरवून, प्लग पुसून घरी आणलीय. नवीवर एखादा दिवा लागला तर रस्त्याकडेचा मेस्त्री लांबूनच हात जोडतो.

एवढं असूनही माझं मन उडालं ते ऑइलमुळे.

लिटरमागे 40 मिली, असं मेस्त्रीनं शिकवलं होतं. आधी टाकीत ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे धारेनं आपोआप मिसळतं. यात अवघड काही नाही. पंपावरचा पोरगा ‘काका, हे काय घालताय?’ विचारतो, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, दोन्हीची सवय होते. सवय झाली नाही ती संशयाची. शिरवळच्या पुढे गाडी मस्त लयीत असते आणि एकदम मनात येतं: मघाशी ऑइल घातलं का? पंपावर फोन आला होता. बाटली हातात होती हे नक्की, पण ओतली का? या इंजिनाच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, नसेल तर पिस्टन धरणार, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकणार. मग बाजूला थांबायचं, बाटलीतली पातळी बघायची, पण आधी किती होती ते कुणाला आठवतंय? थ्रॉटल पिळून सायलेन्सरचा धूर बघायचा, निळसर दिसला की हायसं वाटतं. एकदा ऊन इतकं होतं की धूर नीट दिसेना, म्हणून वरून आणखी ऑइल ओतलं आणि साताऱ्याच्या अलीकडे प्लग काळाठिक्कर होऊन गाडी बसली. तीन वर्षांत मी ऑइल एकदाही विसरलो नव्हतो. संशय मात्र दर टाकीला.

घाटात तेच. उतारावर थ्रॉटल बंद ठेवलं की पेट्रोल तुटतं, त्याबरोबर तेलही. म्हणून वरंध्यात उतरताना मधून मधून थ्रॉटल द्यायचं. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडीचं आपोआप मंदावणं, नावापुरता, त्यात ड्रम ब्रेक. मागे बायको बसली की तिची पकड घट्ट होत गेलेली खांद्याला कळते.

नवीत पेट्रोल भरायचं आणि निघायचं. पहिल्या महिन्यात मी पंपावर उगीच खिसे चाचपायचो.

कागदांचंही बघा. आयडियल जावा 1996 मध्ये बंद पडली, म्हणजे बाजारात मिळणारी कुठलीही जुनी टू-स्ट्रोक येझदी पंधरा वर्षांपलीकडची. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि मूळ मालक सापडत नसेल तर हेलपाटे ठरलेले. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी 2021 च्या नियमांनी वेगळी व्हिंटेज नोंदणी आलीय, पहिल्यांदा 20,000 रुपये. पण त्या नंबरावर रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. घरात रोजची दुसरी गाडी असेल तर हा हिशेब वेगळा होईल, हे मान्य. माझ्या घरात एकाच गाडीची जागा होती.

माझी येझदी आता धाकट्या मावसभावाकडे आहे. तो ऑइलची बाटली रिकामी झाल्याशिवाय टाकीचं झाकण लावत नाही म्हणे. मला ही युक्ती सुचली नाही, आणि कदाचित सुचली असती तरी संशय गेला नसता. स्वभाव आहे. तुमचा तसा नसेल तर जुनी घ्या, मी अडवणार नाही. फक्त सौदा करण्याआधी मालकाकडून गाडी आठवडाभर मागून घ्या, आणि पेट्रोल स्वतः भरा.