सात महिने, तीन वाचने : ‘द व्हाइट टायगर’ मोठ्याने वाचल्यानंतर

गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी अंबाजोगाईत, आमच्या घराच्या ओसरीवर, अरविंद अडिगा यांची ‘द व्हाइट टायगर’ ही कादंबरी आम्ही मोठ्याने वाचायला घेतली आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिचे तिसरे वाचन संपले. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. दर शनिवारी संध्याकाळी इंग्रजी प्रत हातात धरून एकेक परिच्छेद मी मनात वाचायचा आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचा, असा शिरस्ता होता. ऐकायला नऊ-दहा जण असत. त्यांत एक निवृत्त तलाठी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, माझे दोन सहकारी, औषधाच्या दुकानाचे मालक, एका कंत्राटदाराच्या गाडीवर चालक असलेला तरुण आणि बारा हंगाम ऊसतोडीला जाऊन आता मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी, हे सहसा चुकत नसत. पहिल्या वाचनाला चार महिने लागले, दुसरे त्याहून लवकर झाले आणि तिसऱ्या वेळी लोकांनी मागितलेले प्रसंगच तेवढे वाचले. पहिल्या वाचनानंतर माझे या पुस्तकाविषयी जे मत होते, ते आज राहिलेले नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2008 साली प्रसिद्ध झालेली ही अडिगांची पहिलीच कादंबरी असून त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. बिहारमधल्या गया जिल्ह्यातील एका गावात रिक्षा ओढणाऱ्याच्या पोटी जन्मलेला, पुढे दिल्लीत एका श्रीमंत घराण्याचा चालक झालेला आणि शेवटी बेंगळुरूमध्ये स्वतःचा टॅक्सीचा धंदा उभारणारा बलराम हलवाई सात रात्री बसून चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना पत्र लिहितो, आणि आपण मालकाचा गळा चिरला हे पहिल्याच रात्रीच्या अखेरीस मोकळेपणाने सांगून टाकतो. खून कोणी केला, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. हा माणूस तिथवर कसा पोचला, आणि त्याच्याबरोबर हसत हसत आपणही तिथवर कसे गेलो, हे पाहण्यासाठी ही कादंबरी वाचायची असते.

बलराम आपली ओळख करून देतो तीच पोलिसांनी लावलेल्या ‘हवा आहे’ या सूचनापत्रकाच्या आधाराने. त्यातले एकेक वाक्य घेऊन तो ते दुरुस्त करतो, त्यात भर घालतो आणि पोलिसांना काय काय ठाऊक नाही याची यादीच देतो. पत्रकावरचे छायाचित्र इतके पुसट आहे की ते देशातल्या निम्म्या पुरुषांचे असू शकेल. सरकारदरबारी आपली नोंद कशी होते हे आयुष्यभर पाहिलेल्या आप्पांना हा भाग फार आवडला. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकले तर माणूस वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढतो आणि हा पठ्ठ्या पोलिसांनाच त्यांची नोंद दुरुस्त करून देतो, असे ते म्हणाले. लेखकाने व्यंगासाठी निवडलेली ही जागा किती नेमकी आहे, हे आप्पांच्या बोलण्यामुळे मला दुसऱ्या वाचनात नीट दिसले.

गावाकडच्या भागात विनोद भरपूर आहे आणि तो लगेच पोचतो. तीन निवडणुकांच्या आधी तीन पुढाऱ्यांनी बसवलेल्या तीन कोनशिला आहेत आणि रुग्णालय मात्र नाही. शाळेतले मास्तर मुलांच्या जेवणाचे पैसे खातात, पण त्यांनाही सहा महिने पगार मिळालेला नाही. चहाच्या दुकानाचा मालक आपल्या कामगारांच्या अंगठ्यांचे ठसे निवडणुकीत विकतो आणि त्यासाठी बलरामचे वय अठरा ठरवले जाते. ओसरीवर या सगळ्याला मोकळे हसू आले. पहिल्या वाचनात मीही हे कादंबरीचे बलस्थान मानले होते. आता तसे वाटत नाही. हा विनोद वरून खाली पाहणाऱ्याचा आहे, आणि तो ऐकताना कोणालाच आपल्या जागेवरून हलावे लागत नाही.

खरी कादंबरी दिल्लीत, होंडा सिटी गाडीच्या आत सुरू होते. ‘पिझ्झा’ हा शब्द बलरामला नीट उच्चारता येत नाही म्हणून मालक अशोक आणि त्याची बायको पिंकी हसतात. त्याला साधे सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून अशोक त्याला अर्धवट शिजलेला ठरवतो आणि बलराम तोच शब्द पुढे बिरुदासारखा मिरवतो. या शब्दाला मराठी काय द्यावे यावर एक अख्खा शनिवार गेला. ‘अर्धकच्चा’ मला पुस्तकी वाटत होता. मावशींनी ‘एका अंगानं भाजलेली भाकर’ असे सुचवले आणि त्या दिवसापासून आम्ही तेच म्हणत आलो. भाकर अशी राहते ती चूल सांभाळणाऱ्याच्या घाईमुळे, त्यात पिठाचा काही दोष नसतो, हेही त्यांनीच सांगितले.

संबोधनाची अडचण त्याहून मोठी निघाली. इंग्रजीत पानोपानी ‘सर’ येते आणि मी सवयीने ‘साहेब’ म्हणत होते. चालक तरुणाने मला थांबवले. ‘‘मॅडम, साहेब हापिसातला असतो. गाडीत मागं बसतो त्यो मालक.’’ तेव्हापासून वेन जियाबाओंना ‘साहेब’ आणि अशोकला ‘मालक’ असे मी वाटून घेतले, आणि त्या एका बदलाने बलरामची सगळी लाघवी भाषा वेगळी ऐकू येऊ लागली. साहेबापुढे तो उद्योजक म्हणून बरोबरीने बोलतो. मालकापुढे मात्र अखेरपर्यंत कमरेत वाकलेला राहतो. कादंबरीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ज्याला इंग्रजी येत नाही असा माणूस इतक्या सफाईदार इंग्रजीत कसे बोलेल. मोठ्याने मराठीत सांगताना तो आक्षेप आमच्यापुरता गळून पडला, कारण बलरामचा आवाज आमच्या ओसरीवर मराठीतच आला. वाचकाने मनात इंग्रजी वाचली तर मात्र तो आक्षेप खरा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एका रुपयाचा प्रसंग आम्ही तीनदा वाचला. अशोकचा थोरला भाऊ, ज्याला बलराम मुंगूस म्हणतो, गाडीतून उतरताना पडलेला एक रुपया बलरामला शोधायला लावतो. लाखो रुपयांची लाच पोचवून आलेल्या त्या गाडीत बलराम गुडघे टेकून शोधत राहतो आणि शेवटी स्वतःच्या खिशातला रुपया काढून तोच सापडल्याचे सांगतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा औषधाच्या दुकानाचे मालक मोठ्याने हसले, मीही हसले, आणि चालक तरुण शांत राहिला. दुसऱ्या वाचनात त्याने सांगितले की हिशेबात कमी पडलेले पैसे खिशातून भरले की मालकाची शंका मिटत नाही, उलट तिला पुरावाच मिळतो, आणि पुढच्या वेळी तो दोन रुपये मोजतो. प्रसंग तोच, पण पुढच्या आसनावर बसणाऱ्याला आणि मागच्या आसनावर बसणाऱ्याला त्यात निरनिराळ्या गोष्टी दिसतात. या कादंबरीवर मते इतकी टोकाची का पडतात, याचे उत्तर मला या प्रसंगात मिळाले.

कबुलीजबाबाचे प्रकरण हे माझ्या मते या पुस्तकाचे केंद्र आहे. दारू प्यालेली पिंकी गाडी चालवताना रस्त्यावरच्या एका मुलाला चिरडते. दुसऱ्या दिवशी मुंगूस बलरामशी कधी नव्हे इतक्या गोडीने बोलतो, तू आता घरातलाच आहेस असे म्हणतो, आणि मग वकिलाने तयार केलेला कागद पुढे येतो, ज्यात गाडी मीच चालवत होतो असे बलरामने लिहून दिलेले आहे. साक्षीदार म्हणून नाव आहे गावाकडच्या आजीचे, जी त्या रात्री दिल्लीत नव्हतीच. पुढे कोणी तक्रारच केली नाही म्हणून तो कागद वापरावा लागत नाही. इतक्या सहज तो विषय संपतो. या प्रकरणात विनोदाचा सूर कुठेही सुटत नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

मावशी त्या संध्याकाळी म्हणाल्या, ‘‘बाई, अंगठा तर आम्हीबी दिलाय. कागदावर काय लिवलंय ते मुकादमाला म्हाईत.’’ ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हाही बोली गड्याशी होत असली तरी राबते सगळे घर. बलराम नोकरांच्या अवस्थेला कोंबड्यांच्या खुराड्याची उपमा देतो आणि खुराड्याचे दार उघडे असूनही कोणी पळत नाही याचे कारण सांगतो की पळणाऱ्याच्या मागे त्याचे कुटुंब राहते आणि त्या कुटुंबाचे काय करायचे हे मालकाला पक्के ठाऊक असते. दिल्लीच्या बाजारातली ही उपमा इथे कोणाला समजावून द्यावी लागली नाही.

दुसऱ्या वाचनाच्या सुमारास माझ्या मराठीच्या सहकाऱ्याने एक आठवण काढली आणि चर्चेला वेगळीच खोली आली. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी ‘अर्जदस्त’ नावाची भारुडे लिहिली. त्यात शरीराबाद परगण्यातून जीवाजी शेखदार आणि बुधाजी कारकून आपल्या धन्याला दरबारी फारशी वळणाच्या भाषेत अर्ज करतात आणि परगण्याचा कारभार कसा बिघडला ते कळवतात. मोठ्या सत्ताधाऱ्याला खालच्या माणसाने लिहिलेले पत्र, सरकारी भाषेची हुबेहूब नक्कल आणि तिच्या आडून सांगितलेले खरे दुःख ही घडण आपल्याकडे चारशे वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की नाथांच्या अर्जदाराला धनी ऐकेल असा भरवसा असतो. बलरामच्या पत्राला उत्तर येणार नाही हे त्याला पहिल्या ओळीपासून माहीत आहे आणि तरीही तो सात रात्री लिहितो. हे लक्षात आल्यावर मला तो फुशारकी मारणारा माणूस कमी आणि एकटा माणूस अधिक वाटू लागला.

आप्पांचा मात्र शेवटपर्यंत विरोध राहिला आणि तो नोंदवणे योग्य आहे. त्यांचे म्हणणे असे की या कादंबरीत गावात एकही सरळ माणूस नाही, शेजारधर्म नाही, सुगीचा एक दिवस नाही. जिथून माणसे आली तो सगळा अंधार आणि जिथे गेली तिथेच उजेड, हे गावावर अन्याय करणारे आहे. मी त्यांच्याशी निम्मी सहमत आहे. कथनकर्ता बलराम आहे आणि गावाला काळे रंगवणे ही त्याची गरज आहे, कारण गावात काही चांगले होते असे मान्य केले तर तो मागे सोडून आला त्या माणसांचा हिशेब द्यावा लागेल, हे माझे उत्तर आहे. पण बायकांच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. आजी कुसुम फक्त हावरी आहे आणि पिंकी फक्त बिघडलेली. पिंकी घर सोडून जाते तो प्रसंग खरे तर मोठा आहे, तरी लेखक तिच्या मनात शिरत नाही. तीन वाचनांनंतरही हे उणेपण भरून निघाले नाही.

माझे मत ज्या जागेने सर्वांत जास्त बदलले, ती जागा पहिल्या वाचनात माझ्या हातून चक्क निसटली होती. मालकाला मारले तर गावाकडच्या आपल्या सगळ्या कुटुंबाचा जीव जाईल हे बलरामला पक्के ठाऊक आहे. तो मारतो, लाल पिशवीतले सात लाख रुपये घेऊन पळतो, आणि घरच्यांचे पुढे काय झाले याचा उल्लेख ओझरता करून धंद्याच्या गप्पांकडे वळतो. लहान भाचा धरम तेवढा त्याच्यासोबत असतो. आपण हसत असताना लेखकाने ही गोष्ट आपल्या समोरूनच नेलेली असते. चालक तरुणाने दुसऱ्या वाचनात नेमके याच पानावर म्हटले, ‘‘ह्यो माणूस आपल्याला हसवायलाय मॅडम, अन् हसता हसता काय झाकायलाय ते बघा.’’ त्याने या कादंबरीवरचा 2021 सालचा चित्रपट आधीच मोबाइलवर पाहिला होता. त्यात गोष्ट कळली होती, पण हा माणूस आपल्याशी कसा बोलतो ते पुस्तकातच कळले, असे त्याचे मत आहे.

बेंगळुरूचा शेवटचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, एवढेच सांगते. बलरामच्या टॅक्सीखाली सायकलवरचा एक मुलगा मरतो आणि आता मालकाच्या जागी तो स्वतः उभा असतो. या प्रसंगाला अजून वीस पाने मिळायला हवी होती.

गुन्हेकथा म्हणून रहस्याच्या अपेक्षेने कोणी ही कादंबरी घेणार असेल तर त्याने घेऊ नये. गटात वाचणार असाल तर मी आग्रहाने शिफारस करते, मात्र गटात निदान एक माणूस दुसऱ्याची गाडी चालवणारा किंवा दुसऱ्याच्या रानात राबणारा असावा, नाहीतर गावाकडच्या विनोदावर हसून सगळे घरी जातील. अपघात आणि कबुलीजबाब एकाच बैठकीत वाचावेत. आम्ही पहिल्यांदा वेळ झाली म्हणून मध्येच, मुंगसाच्या गोड बोलण्यापाशी थांबलो होतो, आणि पुढचा आठवडाभर मावशी मला भेटेल तिथे विचारत राहिल्या की त्या पोराला कागद दिला का अजून.