व्ह्यूफाइंडरमधली धूळ: घरी काढावी की दुकानात द्यावी?

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने सकाळी कॅमेरा डोळ्याला लावला, तर पाण्यावर दूर एक काळा ठिपका. भोवत्या (शिकारी पक्षी) असणार म्हणून त्याच्या मागे लागलो. मी डावीकडे वळलो की तोही डावीकडे. शेजारच्या मित्राने दोनदा विचारलं, "अरे, कुठंय?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पक्षी कसला, व्ह्यूफाइंडरमधला कचरा.

आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात हा कण फोटोत उतरत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. सेन्सरवरच्या धुळीचं बरोबर उलट असतं. त्यामुळे 'राहू दे तसाच' हा पर्याय कायम शिल्लक राहतो आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना मी तोच सुचवेन. पण दिवसभर मोकळ्या आकाशाकडे बघायचं असेल तर तो ठिपका डोक्यात जातो.

दोन्ही उपाय मी करून पाहिलेत. आधी कॅमेरा नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका दुकानात दिला, त्यांनी तो मुंबईला पाठवला. अकरा दिवस गेले, तेही ऐन जानेवारीतले, पाहुण्या पक्ष्यांच्या हंगामातले. काम चोख होतं. परत आला तेव्हा व्ह्यूफाइंडर लखलखीत. पुढच्याच रविवारी धरणाकाठच्या मातीच्या रस्त्यावर लेन्स बदलली आणि घरी येऊन बघतो तर दोन नवे कण. एक तर जवळजवळ जुन्याच जागी बसलेला! माझं मन उडालं ते तिथेच. त्या कारागिराचा दोष नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी शहर जागोजागी खोदलेलं, बाहेर पडलं की बैलगाडीच्या वाटा. इथे धूळ पुन्हा येणारच. दर खेपेला अकरा दिवस कुठून आणायचे?

म्हणून आता घरीच. बाथरूममध्ये गरम पाणी सोडायचं, वाफ पूर्ण ओसरू द्यायची, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग लेन्स काढून बॉडी पालथी धरायची आणि रबरी ब्लोअरने खालून वर, फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरची, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं ती चकती) हवा मारायची. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातला द्रव उडून डाग पडतात. आणि आरशाला हात लावायचाच नाही. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं. कण हलला नाही तर तो बहुधा स्क्रीनच्या वरच्या अंगाला, प्रिझमकडे (चित्र डोळ्याकडे वळवणाऱ्या काचेकडे) असतो. मग क्लिप सोडवून स्क्रीन खाली घ्यावी लागते.

इथे मात्र जपून. पहिल्या वेळी मी कान साफ करायच्या काडीने तिची मॅट बाजू पुसली. कण गेला, पण उजव्या कोपऱ्यात तिरपा, चकचकीत ओरखडा आला, तो आजही तिथेच आहे. ही स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते. चिमट्याने तिच्या कडेला बाहेर आलेला कान धरायचा आणि तिच्यावर फक्त हवा मारायची. काही बॉडींत वर एक पातळ शिम, म्हणजे स्क्रीनचं अंतर नेमकं राखणारी पट्टी, असते. ती हरवली तर व्ह्यूफाइंडरमधला फोकस आणि फोटोतला फोकस जुळत नाही.

तेव्हा तुमच्याकडे कॅनन ६०डी किंवा ६डीसारखी, स्क्रीन बदलता येण्याजोगी बॉडी असेल तर घरी करून बघायला हरकत नसावी. स्क्रीन पक्की बसवलेली असेल, किंवा हात थरथरत असेल, तर ब्लोअरपुढे जाऊ नका, दुकान बरं. फक्त शक्य झालं तर कॅमेरा पावसाळ्यात द्या. जुलैत पाहुणे पक्षी परत गेलेले असतात, अकरा दिवस गेले तरी फारसं अडत नाही.