जुन्या कॉम्प्युटरसाठी एसएसडी: सॅटा घ्यायची की एनव्हीएमई?

बटण दाबायचं, आंघोळ उरकून यायचं, तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोच आहे. अशा आठ-दहा वर्षांच्या मशीनला एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) बसवायची हे पक्कं झालं, की डोकं खातो तो पुढचा प्रश्न: सेकंदाला ५५० एमबी वाचणारी सॅटा (हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी) की ७००० एमबी वाचणारी एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची)? माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन खरंच जुनं असेल तर सॅटा घ्या, आणि वाचलेले पैसे त्यातल्या त्यात चांगली सॅटा घेण्यात घाला.

खोक्यावरचा मोठा आकडा असतो एकच लांबलचक फाइल सलग वाचण्याचा. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीकसारीक तुकडे इकडून तिकडून उचलावे लागतात. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या (५४०० आरपीएमच्या) हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी हेड हलवून तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते. त्यात १५ ते १८ मिलिसेकंद जातात. एसएसडीला साधारण ०.१. असे तुकडे एकेक करून वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला १ एमबीसुद्धा धड गाठत नाही, सॅटा एसएसडी ३०-४० पर्यंत जाते आणि एनव्हीएमई ५०-७० पर्यंत. खरी उडी कुठे आहे ते इथेच दिसतं. पहिल्या बदलाने मशीन ओळखू येत नाही. दुसऱ्याचा फरक स्टॉपवॉच घेऊन शोधावा लागतो.

सॅटाची मर्यादा मदरबोर्डच ठरवतो. तिसऱ्या पिढीची जोडणी (सॅटा ३) असेल तर ५५० च्या आसपास, सॅटा २ असेल तर २७०-२८०. तरीही घ्याच, कारण वर सांगितलेला फायदा सॅटा २ वरही जवळपास तसाच मिळतो. अडीच इंची एसएसडी ७ मिमी जाडीची असते आणि जुन्या लॅपटॉपचा कप्पा बहुधा साडेनऊचा. मध्ये प्लॅस्टिकची चौकट टाकली की ती खुळखुळत नाही. डेस्कटॉपमध्ये तर दुहेरी चिकटपट्टीने लावली तरी बिघडत नाही, आत फिरणारं काही नसतंच. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्क हाताळण्याचा मोड जुना आयडीई असेल तर विंडोज नव्याने टाकण्याआधीच नवा एएचसीआय करून घ्या. नंतर बदलायला गेलात तर निळा स्क्रीन दिसण्याची शक्यता जास्त.

खरा घोळ एम.२ चा. एम.२ हा पट्टीसारख्या एसएसडीचा आणि तिच्या स्लॉटचा नुसता आकार आहे. त्यातून सॅटाही धावते आणि एनव्हीएमईही. मी स्वतः यात फसलोय. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, स्लॉट दिसला, एनव्हीएमई आणली, तिरकी धरून सरकवली, स्क्रू आवळला, सगळं कसं झक्कास बसलं. बायोसमध्ये मात्र तिचा पत्ताच नाही. स्लॉटला फक्त सॅटाची जोडणी होती. एका खाचेची पट्टी बहुधा एनव्हीएमई आणि दोन खाचांची बहुधा सॅटा, पण बसली म्हणजे चालली असं नाही. मॉडेलचं मॅन्युअल उघडून स्लॉटपुढे काय लिहिलंय ते बघा, मगच खरेदी.

एनव्हीएमईची दुसरी अडचण म्हणजे २०१४-१५ च्या आधीचे बरेचसे बोर्ड तिच्यावरून बूटच होत नाहीत. मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमध्ये लावायच्या कार्डावर बसवली तर डेटासाठी चालेल, पण विंडोज तिच्यावरून सुरू होईलच असं नाही. मशीन त्यानंतरचं असेल, एनव्हीएमईचा स्लॉट असेल आणि तुम्ही व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर जरूर घ्या. फक्त पीसीआयई ३ च्या (तिसऱ्या पिढीच्या) स्लॉटला ७००० वाली घेऊन उपयोग नाही, ती ३५०० च्या आसपासच अडणार.

आता सॅटामध्ये चांगली कोणती? टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणारी) की क्यूएलसी (चार बिट साठवणारी), ते आधी बघा. एकाच कंपनीची जोडी घेऊ: सॅमसंगची ८७० ईव्हीओ टीएलसी आहे आणि ८७० क्यूव्हीओ क्यूएलसी. १ टीबीला पहिलीची लेखन-क्षमता (एकूण किती डेटा लिहिता येईल ती) ६०० टीबी आणि वॉरंटी ५ वर्षं. दुसरीची ३६० टीबी आणि ३ वर्षं. हे आकडे बघून घाबरू नका. रोज २० जीबी लिहिलंत तरी ३६० टीबी संपायला ४९ वर्षं लागतील. खरी गोम वेगळी आहे. १ टीबीच्या क्यूव्हीओमध्ये सलग ४२ जीबी लिहून झालं की वेग ८० एमबीवर घसरतो, म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्कपेक्षाही कमी. रोज मोठ्या फाइल टाकणाऱ्याने टीएलसीच घ्यावी. नुसते फोटो आणि सिनेमे साठवायचे असतील तर क्यूएलसी चालते. सॅटामध्ये डीरॅम कॅश (एसएसडीची स्वतःची छोटी रॅम) असलेली मिळाली तर उत्तम. कॅश नसेल तर एनव्हीएमई निदान कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेते, सॅटाला ती सोय नाही.

साइझ? १२० जीबी नकोच, विंडोज आणि अपडेटमध्येच ती भरून जाते. २५० मध्ये भागतं, ५०० मध्ये निवांतपणा आहे. आणि रॅम २-४ जीबीच असेल तर आधी ती वाढवा, नाहीतर नवी एसएसडी दिवसभर रॅमचीच उणीव भरून काढत बसेल.

क्लोन करून (जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवून) नव्या एसएसडीवरून मशीन सुरू झालं तरी जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर ड्रॉवरमध्ये राहू द्या; कुठला फोल्डर यायचा राहिला ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात कळतं.